नीळकंठशास्त्री गोऱ्हे : ‘मनुष्य कोण’ या प्रश्नाचा पाठलाग

वाचकहो, झाशीस आपण कधी गेला असाल तर किल्ला पाहिल्यावाचून परतला नसाल. राणी लक्ष्मीबाईंचे नाव आता तेथील रेल्वे स्थानकासही दिलेले आहे. परंतु सिविल लाइंसमध्ये मुद्दाम थांबण्याचे कारण आपणास पडले नसेल. उत्तर हिंदुस्थानातील बहुतेक जिल्ह्यांच्या गावी असते तशीच ही वस्ती : रुंद रस्ते, आवार सोडून बांधलेले बंगले, कचेऱ्या. जुने शहर कोटाच्या आत. तेथे कोणी कोठे राहावे हे पुष्कळ अंशी जातीने ठरलेले. कोटाबाहेर साहेबांची वस्ती, आणि तेथे कोणी राहावे हे वर्णाने व हुद्द्याने ठरलेले. दोन्ही वस्त्या बांधणारांचे एका गोष्टीवर एकमत होते. ते असे की, माणसे जन्मतःच वेगवेगळ्या प्रतीची असतात. एकाने ते पूर्वजन्मीच्या कर्मावर घातले, तर दुसऱ्याने वंशावर आणि सुधारणेच्या पायऱ्यांवर.

मनुष्य म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर पंडितांच्या पोथीत राहत नाही. ते रस्त्यांच्या आखणीत उतरते, कायद्यात उतरते, यंत्रातही उतरते. ज्या पुरुषाने हा प्रश्न आयुष्यभर सोडला नाही आणि त्यापायी घर, जात व मनःस्वास्थ्य गमावले, तो याच झाशीपासून पूर्वेस सुमारे ५० मैलांवर, बुंदेलखंडातील काशीपुरा नावाच्या खेड्यात ८ फेब्रुवारी १८२५ रोजी जन्मला. आपण त्यांना फादर नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखतो. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात त्यांचे नाव एकदोनदा येते आणि आपण पुढे जातो. आज जरा थांबू या.

कोकणस्थ ब्राह्मणांचे घर बुंदेलखंडात कसे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. पेशवाईच्या काळात मराठी माणूस यमुनेपर्यंत पसरला होता. झाशीचे नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. बांद्याचा नवाब हा बाजीराव व मस्तानी यांच्या वंशातला. गोऱ्हे घराणे या बांद्याच्या नवाबाच्या पदरी होते व मान्यता पावलेले होते. पुढे हे कुटुंब काशीस जाऊन राहिले. वडील शिवरामपंत विरक्त वृत्तीचे. पैशाची आसक्ती त्यांना नव्हती, देवपूजा आणि दानधर्म यांत त्यांचा काळ जाई. मुलाने काशीच्या पंडितांपाशी व्याकरण व न्याय यांचा अभ्यास केला. घरी शिवाची उपासना होती. नीळकंठांचे मन मात्र तरुणपणीच विष्णुभक्तीकडे वळले. धर्म ही वारशाने मिळालेली वस्तू आहे तशी स्वीकारावी, असा त्यांचा स्वभाव तेव्हाही नव्हता.

त्या काळच्या काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी बाजारात उभे राहून उपदेश करीत. शास्त्र्यांना त्यांची कीव येई किंवा राग येई. नीळकंठशास्त्र्यांना वाटले की ह्या मनुष्यास वादात एकदा कायमचे गप्प करावे. या हेतूने ते स्मिथसाहेबांकडे जाऊ लागले. येथे एका ग्रंथाचा उल्लेख केला पाहिजे. जॉन म्यूर या स्कॉटिश सनदी अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचे संस्कृत पद्यात्मक पुस्तक काढून, खरा धर्म ओळखण्याच्या कसोट्या पंडितांपुढे ठेवल्या होत्या. त्यास तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. पहिले सोमनाथ, हे सिहोरचे महाराष्ट्रीय पंडित सुबाजी बापू असावेत असे संशोधक मानतात. (हेच सुबाजी बापू पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत उचलून धरीत होते. नवे खगोल घेतले, नवा धर्म घेतला नाही! पाश्चात्त्य विद्या आली की ख्रिस्ती धर्म मागोमाग येईलच, या काही मिशनऱ्यांच्या समजुतीस हे चांगले उत्तर होते.) दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन. तिसरे, आणि सर्वांत तीक्ष्ण, आपले नीळकंठशास्त्री. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. तेव्हा त्यांचे वय वीसच्या आसपास होते.

वाचकहो, या ग्रंथातील आक्षेप आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजेत, कारण ते अजून शिळे झालेले नाहीत. एक मूल आंधळे जन्मते, एक राजवाड्यात जन्मते. कर्म आणि पूर्वजन्म मानणारा याचा उलगडा करू शकतो. परंतु प्रत्येक आत्मा देव नव्याने उत्पन्न करतो असे ख्रिस्ती मनुष्य म्हणत असेल, तर ज्याने अजून काहीच केले नाही त्याच्या वाट्यास हे दुःख कोणत्या न्यायाने आले? सुवार्ता ज्यांच्या कानी कधी गेलीच नाही त्यांचे काय? साठ वर्षांच्या पापास अनंतकाळची शिक्षा हा कोणता हिशेब? आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न : मनुष्याच्या बुद्धीने शास्त्राची परीक्षा करावी, की शास्त्रावर श्रद्धा ठेवून बुद्धीस त्याच्या मागे चालवावे? तरुण नीळकंठशास्त्र्यांनी दुसरा पक्ष घेतला. बुद्धी ही पंगू आहे, ती एकटी सोडली तर भरकटते, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे जे घडले ते विलक्षण आहे. ज्या पुस्तकाचे खंडन करायचे ते वाचता वाचता त्यांच्या मनाची पकड ढिली होऊ लागली. पर्वतावरील प्रवचनाने त्यांना हलविले. या ठिकाणी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नीळकंठशास्त्र्यांना दुष्काळाने, कर्जाने किंवा जातीच्या जुलमाने मिशनच्या दारी आणलेले नव्हते. (आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज ज्या मार्गाने आले तो मार्ग कमी प्रतीचा आहे, असे मी मुळीच म्हणत नाही.) त्यांना ख्रिस्ताकडे आणले ते पापाच्या जाणिवेने. आपण चुकलो हे त्यांना कळत होते. परंतु ती चूक नेमकी कोणाची, हे त्यांच्या दर्शनांत सापडेना. आत काही काळ भयंकर झगडा चालला. वडिलांचे दुःख समोर होते. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीत गलबला नको म्हणून, जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाव ठेवले नेहेम्या. यरुशलेमेच्या पडलेल्या भिंतींसाठी रडलेल्या माणसाचे नाव.

पंडिताच्या कुळातील मनुष्य ख्रिस्तशरण झाला की त्याचे सर्व प्रश्न सुटले, असे चित्र आपल्या जुन्या पत्रिकांतून पुष्कळदा रंगविलेले असे. गोऱ्ह्यांच्या बाबतीत ते चित्र खोटे आहे. शंका त्यांच्या पाठीस शेवटपर्यंत लागल्या. कधी कधी त्यांना वाटे की आपण सगळेच गमावून बसलो. १८५३ साली त्यांना मुलगी झाली आणि थोड्याच महिन्यांत पत्नी वारली. मुलीचे नाव लक्ष्मी. पुढे एलन लक्ष्मी गोऱ्हे म्हणून ती प्रसिद्ध झाली. तान्ह्या मुलीस एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज जोडप्याने आपलीशी केले.

१८५३ हे साल लक्षात ठेवा. याच साली नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव वारले. मरणापूर्वी त्यांनी विधिपूर्वक दत्तक घेतला होता. परंतु लॉर्ड डलहौसीने १८५४ साली दत्तकाचा राज्यावरील हक्क नाकारून झाशी खालसा केली. हिंदू धर्मशास्त्राच्या दृष्टीने दत्तक म्हणजे पुत्रच. कलकत्त्याच्या दप्तरात तो घरच्या मालमत्तेचा वारस ठरला, राज्याचा नव्हे. मनुष्य कोणाचा पुत्र ठरतो, रक्ताने की स्वीकाराने, या एका प्रश्नावर बुंदेलखंडाचा इतिहास फिरला. पौलाच्या पत्रांतून आपण दत्तकपणाचा सिद्धांत शिकतो. आपल्या तारणाचा तो एक आधार आहे. पण खालसा करणारे सरकार ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे असूनही हा सिद्धांत कोणाच्या लक्षात आल्याचे दिसत नाही. त्यानंतर ८ जून १८५७ रोजी झोकन बागेत शरण आलेले सुमारे ६० युरोपीय पुरुष, स्त्रिया व मुले कापली गेली. आणि एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहरात शिरून जी कत्तल केली ती विष्णुभट गोडसे यांनी डोळ्यांनी पाहून ‘माझा प्रवास’ या ग्रंथात लिहून ठेवली आहे. दोन्ही बाजूंना समोरचा मनुष्य, मनुष्य दिसेनासा झाला होता.

तिकडे १८५४ साली गोऱ्हे विलायतेस गेले. पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग ख्रिस्ती झाला होता. त्याच्याबरोबर पंडित म्हणून त्यांची योजना झाली. तेथे इस्लिंग्टनच्या मिशनरी विद्यालयात ते काही काळ शिकले, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, मॅक्सम्युल्लर यांच्याशी परिचय झाला. या भेटीची मॅक्सम्युल्लर यांनी पुढे जी आठवण लिहिली ती प्रत्येक ख्रिस्ती वाचकाने मनावर घ्यावी अशी आहे. हा हिंदी पंडित त्यांच्यापुढे ढसढसा रडला. शुभवर्तमानात वाचलेले ख्रिस्ती जीवन लंडनमध्ये कोठेच सापडत नाही, याचे त्यास दुःख होते, आणि आपण परत मागे तर जाणार नाही ना, याचे भय होते. धूर ओकणारे कारखाने, रस्त्यावरील दारू आणि दारिद्र्य. यंत्रे आश्चर्यकारक, आणि ती चालविणारी माणसे यंत्रांहून स्वस्त! त्या काळच्या इंग्रजी विचारात मनुष्य म्हणजे सुखदुःखाचा हिशेब करणारा एक प्राणी, असे मत प्रबळ होते. बेंथॅम आणि जेम्स मिल यांनी ते पसरविले; मेकॉले यांनी त्यातूनच हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा १८३७ साली केला. पुरेशी शिक्षा नेमून दिली की मनुष्य आपोआप सरळ वागेल, असा त्यामागील विश्वास होता.

हा कायदा १८६० साली मंजूर झाला. त्याच वर्षी नेहेम्या गोऱ्ह्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत प्रसिद्ध झाला. कायदा अमलात आला १ जानेवारी १८६२ पासून. ग्रंथाचे फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेले इंग्रजी भाषांतरही १८६२ चेच. दोन्ही पुस्तके मनुष्य काय आहे हे सांगत होती. एक १६० वर्षांहून अधिक काळ कोट्यवधी लोकांवर चालले. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आली तेव्हा कोठे ते मागे पडले. दुसरे ग्रंथालयांच्या कपाटात गेले. तरीही ते उघडून पाहण्याजोगे आहे.

षड्दर्शनदर्पणात सांख्य, न्याय, वैशेषिक, मीमांसा व वेदान्त या दर्शनांची एकेक करून परीक्षा आहे. परक्या मिशनऱ्याने केलेली वरवरची टीका ती नव्हे. काशीत शिकलेल्या मनुष्याने आपल्याच घरच्या भिंती ठोकून पाहिलेल्या आहेत. पूर्वी ज्या कर्मसिद्धांताच्या बळावर त्यांनी म्यूर यांना उत्तर दिले होते, त्याचीच ते येथे तपासणी करतात. या जन्मीचे दुःख मागच्या जन्माच्या कर्मामुळे, ते त्याच्या मागच्या. असे मागे मागे जाऊन अखेर कर्म अनादि म्हणावे लागते. म्हणजे मूळ प्रश्नास उत्तर मिळालेच नाही, ते फक्त लांबणीवर टाकले गेले. आणि आत्मा हा देवाप्रमाणेच अनादि व स्वयंसिद्ध असेल, तर देव त्याचा उत्पन्नकर्ता नव्हे, फार तर व्यवस्थापक ठरतो.

परंतु त्यांची खरी लढाई अद्वैताशी आहे. जीव हाच ब्रह्म, भेद दिसतो तो अविद्येमुळे, असे वेदान्ती म्हणतो. गोऱ्हे विचारतात : ही अविद्या कोणास झाली? ब्रह्मास झाली म्हणावे, तर ब्रह्म शुद्ध ज्ञानस्वरूप राहिले नाही. जीवास झाली म्हणावे, तर जीव हा अविद्येमुळेच दिसतो. मग जीवाच्या आधी अविद्या आली कोठून? ती खरी नाही असे म्हणावे, तर जी खरी नाही तिच्यापासून सुटण्यासाठी ही सगळी खटपट कशाला? व्यावहारिक सत्य निराळे आणि पारमार्थिक निराळे, असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. दोन खोल्या करून एकीत तो कोंडून ठेवता येतो इतकेच. आणि सर्वांत जड जाणारी गोष्ट : परमार्थतः मी ब्रह्म असेन तर माझे पाप पाप नव्हे, माझी प्रार्थना प्रार्थना नव्हे, आणि माझ्याकडून दुखावलेला शेजारीही खरा नव्हे.

वेदान्ताचे अभिमानी यास उत्तर देतील, आणि दिलेही आहे. सर्वांभूती एकच आत्मा पाहणाऱ्यास कोणाचाही तिरस्कार करता येऊ नये, हे म्हणणे उदात्त आहे, आणि आपल्या संतांनी त्यातून जे अमृत काढले ते कोण नाकारील? तथापि काशीच्या ज्या विद्वानांना गोऱ्हे ओळखत होते, ते ब्रह्मैक्य शिकवीत असत आणि विशिष्ट माणसांच्या सावलीस विटाळ मानीत असत. गोऱ्ह्यांचा अद्वैतावरील रोष केवळ तर्काचा नव्हता असे मला वाटते.

१८६८ साली ते कलकत्त्यास डीकन झाले, १८७० साली बिशप मिलमन यांच्या हस्ते त्यांना प्रीस्टची दीक्षा मिळाली. पुढे चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, त्यांनी काम केले. वेष देशी, अन्न साधे, गाठीस काही नाही. शिवरामपंतांची विरक्ती मुलाने बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडून दिलेली नव्हती.

आता मी जरा बाजूस जाणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने काही जमातींच्या माणसांवर जन्मापासूनच गुन्हेगाराचा शिक्का मारला. हजेरी लावावी, परवान्यावाचून गाव सोडू नये. येथे युरोपातील वंशशास्त्र आणि आपल्याकडील जातीची कल्पना यांनी हातमिळवणी केली : जसा सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. या मतामागून तंत्रेही आली. माणसांच्या नाकांची व डोक्यांची मापे घेऊन वंश ठरविण्याचा उद्योग रिस्ले यांनी केला; गुन्हेगार ओळखण्यासाठी शरीराची मापे, आणि मग बोटांचे ठसे. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. त्या पद्धतीची बांधणी अझीझुल हक व हेमचंद्र बोस या हिंदी अधिकाऱ्यांनी केली. ठसा घेण्याची शाई निरुपद्रवी असते. तिच्यामागे मनुष्याविषयी कोणते मत आहे हे पाहावे लागते. आपल्या ख्रिस्ती इतिहासातही या प्रकरणाचे एक पान आहे. १९०८ पासून मुक्तिफौजेने या जमातींच्या वसाहती चालविल्या. तेथे शिक्षण आणि उद्योग मिळाले हे खरे. कुंपणही होते हेही खरे. कायदा रद्द झाला १९५२ साली. शिक्का अजून पुसलेला नाही, हे आपल्या मंडळ्यांतील पारधी कुटुंबांना विचारावे.

हे विषयांतर कशासाठी? मनुष्य पापी आहे हा गोऱ्ह्यांचा सिद्धांत पुष्कळांना कठोर वाटतो. सुधारक मंडळींना तो त्या काळीही कठोर वाटे. पण नीट पाहा. पाप सर्वांत आहे, बिशपमध्ये आहे, शास्त्र्यात आहे आणि मॅजिस्ट्रेटमध्येही आहे, असे म्हणणारा मनुष्य एका जमातीस जन्मजात चोर म्हणू शकत नाही. हा सिद्धांत सिविल लाइंस आणि कोटाच्या आतील शहर यांना एका रांगेत उभे करतो. गोऱ्ह्यांनी त्याचा राजकीय अर्थ काढला नाही. तो त्यांचा पिंड नव्हता.

तो अर्थ काढणारा पुरुष पुण्यात होता. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुष समान हक्कांचे निर्माण केले हा विचार घेऊन त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. एकाच पुण्यात मनुष्याविषयी चार मते एकमेकांशी झुंजत होती : शास्त्र्यांचे अधिकारभेदाचे, फुल्यांचे समतेचे, प्रार्थनासमाजाचे, आणि गोऱ्ह्यांचे. यातील शेवटच्या दोहोंचा वाद फार मनोरंजक आहे. ब्राह्मोसमाजी व प्रार्थनासमाजी म्हणत की मनुष्याच्या अंतःकरणातच देवाचे ज्ञान आहे; ग्रंथ नको, मध्यस्थ नको, पश्चात्ताप पुरे. गोऱ्ह्यांनी त्यांना पत्रके लिहून, व्याख्याने देऊन विचारले : देव प्रेमळ पिता आहे ही कल्पना जर मनुष्यमात्राच्या अंतःकरणात उपजतच होती, तर ती हजारो वर्षे कोठे दडली होती? ती तुम्ही ज्या घरून आणली त्या घराचे नाव का सांगत नाही? हा टोला वर्मी बसणारा होता. मात्र सार्वकालिक शिक्षेविषयी त्यांनी ज्या हट्टाने लिहिले ते वाचताना माझे मन मागे सरते. वीस वर्षांच्या नीळकंठाने याच बाबतीत विचारलेला प्रश्न मला पन्नास वर्षांच्या नेहेम्याच्या उत्तरापेक्षा अधिक खरा वाटतो.

१८७६ साली ते ऑक्सफर्डजवळील काउली येथे जाऊन संत योहानाच्या संन्यासी संघात नवशिक्षित म्हणून दाखल झाले आणि परत येऊन पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये राहू लागले. हेच ते पंचहौद, जेथे १८९० साली चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदींवर ग्रामण्य ओढवले. एका पेल्याने मनुष्य बाटतो की नाही, यावर सारे पुणे तापले होते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. दोघेही संस्कृतज्ञ, दोघांचेही वडील विरक्त, दोघेही सत्यासाठी भटकलेले. हिंदू आणि ख्रिस्ती विचारांतील भेद त्यांनी रमाबाईंना समजावून दिला. त्या इंग्लंडमध्ये असताना त्यांचे लेखन त्यांच्या हाती पडले आणि मनातील अखेरची अडचण दूर झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई व लहानगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या विश्वासाचे श्रेय रमाबाईंनी मोकळेपणाने गोऱ्ह्यांना दिले आहे. त्यानंतर याच रमाबाईंनी अँग्लिकन अधिकाऱ्यांपुढे मान तुकविण्यास नकार दिला. माझी सदसद्विवेकबुद्धी मी बिशपांकडे गहाण टाकलेली नाही, अशी त्यांची भूमिका होती. बुद्धीने शास्त्राच्या मागे चालावे असे एके काळी लिहिणाऱ्या वृद्ध गुरूस त्यातील काही पटले नसणार. परंतु काशीत नीळकंठानेही बापाचे व गुरूंचे न ऐकता हेच केले होते.

आज हा प्रश्न नव्या वेषात आपल्या दारी आला आहे. विचार करणारी, उत्तरे देणारी, कविता रचणारी यंत्रे निघाली आहेत, आणि मनुष्य म्हणजे तरी अधिक गुंतागुंतीचे यंत्रच, असे म्हणणारे विद्वान आहेत. कोणास कर्ज द्यावे, कोणावर पोलिसांनी नजर ठेवावी, हे काही देशांत यंत्राच्या आकडेमोडीवरून ठरू लागले आहे. गोऱ्ह्यांनी वेदान्त्यास विचारले होते की अविद्या कोणास झाली. त्यांना आज विचारता आले असते तर त्यांनी विचारले असते की, हे ज्ञान कोणास झाले? चूक झाली म्हणून रडणारा आत कोणी आहे काय?

त्यांच्या लेखनात उत्तरायुष्यात एक मवाळ स्वर येतो. हिंदूंची अनन्यभक्ती, वैराग्य, देवाशी एक होण्याची तळमळ ही देवाने या देशास ख्रिस्तासाठी केलेली तयारी आहे, असे ते लिहू लागले. ज्या भिंती ठोकून पाहिल्या त्यांपैकी काही भक्कम निघाल्या, असेच म्हणायचे.

लक्ष्मीचे काय झाले, हे आपणास सांगितलेच पाहिजे. सांभाळणाऱ्या मळेवाल्या जोडप्याची १८५७ च्या धामधुमीत वाताहत झाली. पुढे रेव्ह. स्टॉर्स नावाच्या मिशनऱ्यांनी तिला इंग्लंडास नेले, आणि ती त्यांच्या कुटुंबात वाढली. १८८० साली ती परत हिंदुस्थानात आली : रंगाने व रक्ताने कोकणस्थ, वळणाने पूर्ण इंग्रज. अमृतसर, अलाहाबाद येथे तिने सेवा केली, १८९७ साली अलाहाबादेस तिला डीकनेसची दीक्षा मिळाली. ‘इन द सीक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स’ हे जगभर गाइले जाणारे गीत तिचे. ते म्हणणाऱ्या किती जणांस ठाऊक असते की ते एका मराठी मुलीने लिहिले? १९३७ साली ती वारली. मनुष्याच्या आत्म्याचा असा कसून विचार करणाऱ्या बापाने आपले एकुलते मूल दुसऱ्यांच्या हाती वाढू दिले; विधुर, निष्कांचन, भ्रमंती करणारा उपदेशक आणखी काय करू शकत होता, असे आपण म्हणाल. मीही तसेच म्हणतो, आणि तरी मन पूर्ण शांत होत नाही.

फादर गोऱ्हे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वारले. संन्यासी संघात त्यांना जवळजवळ वीस वर्षे झाली होती. इतक्या काळात त्यांच्याहून तरुण माणसे व्रते घेऊन पूर्ण सभासद झाली. त्यांनी आजन्म बांधून घेणारी व्रते कधीच घेतली नाहीत. संघाने त्यांना ठेवून घेतले, त्यांनी संघ सोडला नाही, आणि सत्तर वर्षांचा तो पंडित मरेपर्यंत नवशिक्षितच राहिला.